लांब शर्यतीत पिट स्टॉप आणि थकवा कसा सांभाळायचा: रेसिंग गेमसाठी सविस्तर मार्गदर्शक

तासाभराहून लांब ऑनलाइन शर्यतींचे निकाल बघत गेलं की एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. पात्रता फेरीत पहिल्या पाचात असलेली गाडी शेवटी बाराव्या-तेराव्या क्रमांकावर येते. तिच्या नोंदीत पिट लेनमधला (इंधन-टायरसाठी थांबण्याच्या जागेकडे नेणाऱ्या गल्लीतला) वेगाचा दंड असतो, शेवटच्या लॅपला (फेरीला) संपलेलं इंधन असतं, किंवा अखेरच्या अर्ध्या तासात दोनदा गाडी गरकन फिरलेली असते. या चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी त्या एकाच ठिकाणाहून येतात: दमलेल्या डोक्याला गाडी चालवता चालवता हिशेबही करावा लागतो. म्हणून पिटची योजना आणि थकव्याची योजना एकाच कागदावर, एकाच वेळी आणि शर्यतीच्या आधी करायची. ती कशी करायची हे इथे क्रमाने सांगतो. आयरेसिंग, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, ले मान्स अल्टिमेट, ग्रॅन तुरिस्मो ७ किंवा एफ१ (फॉर्म्युला वन) मालिकेतले गेम, कुठेही पद्धत हीच. फक्त बटणं आणि नियम बदलतात.

आधी पाच आकडे मोजा

शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी सराव सत्रात बसा. वेगवान लॅप मारायचा मोह बाजूला ठेवा आणि हे आकडे काढा.

पहिला, एका लॅपला लागणारं इंधन. एका लॅपवरून ठरवू नका. सलग आठ-दहा लॅप शर्यतीच्या वेगाने चालवा आणि सरासरी घ्या. दुसऱ्या गाडीच्या मागे, तिच्या हवेच्या आडोशाने चालवलं की इंधन कमी लागतं, त्यामुळे हा आकडा मोकळ्या ट्रॅकवरच काढा.

दुसरा, पिटमध्ये जाणारा एकूण वेळ. पिटला आत आलेला लॅप आणि बाहेर पडलेला लॅप यांची बेरीज करा आणि तिच्यातून दोन नेहमीचे लॅप वजा करा. उरलेला आकडा म्हणजे पिटची खरी किंमत. गाडी बॉक्समध्ये (पिटमधल्या आपल्या ठरलेल्या जागी) उभी असते तेवढाच वेळ मोजणारे इथेच फसतात, कारण पिट लेनमधून संथ जाण्यातही बराच वेळ जातो.

तिसरा, एका सेकंदाला टाकीत किती लिटर जातं. चौथा, चार टायर बदलायला किती सेकंद लागतात आणि ते काम इंधन भरताना सोबतच होतं की नंतर. काही गेममध्ये आणि मालिकांमध्ये दोन्ही कामं एकदम होतात, काहींत एकामागून एक. सगळं गणित या एका फरकावर उलटतं.

पाचवा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. सलग किती मिनिटांनंतर तुमचे लॅप विस्कळीत व्हायला लागतात? एकदा न थांबता सव्वा ते दीड तास चालवा आणि नंतर लॅपच्या वेळा पाहा. पहिल्या अर्ध्या तासात तुमचे लॅप समजा अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्यात असतील. हा पट्टा दुप्पट कुठे होतो ते शोधा. सरासरी वेळ तेव्हाही ठीक दिसत असेल, कारण टाकी हलकी झाल्याने गाडी आपोआप वेगवान होते आणि चालकाची घसरण त्यात झाकली जाते. म्हणून सरासरीवर विसंबू नका, लॅपमधला फरक पाहा. तो मिनिटांचा आकडा म्हणजे तुमची स्टिंटची (दोन थांब्यांमधल्या सलग चालवण्याची) मर्यादा.

इंधनाचं गणित

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. शर्यत ३ तासांची, लॅप २ मिनिटं ५ सेकंदांचा, लॅपला ३.१ लिटर इंधन, टाकी ११० लिटरची.

३ तास म्हणजे १०,८०० सेकंद. दोन पिट स्टॉप लागतील आणि प्रत्येकी ६० सेकंद जातील असं धरलं तर उरतात १०,६८० सेकंद. त्याला १२५ ने भागलं की येतात ८५.४४, म्हणजे शर्यत ८६ व्या लॅपला संपेल. भागाकार पूर्णांकाच्या अगदी जवळ आला, समजा ८५.९५, तर एक जादा लॅप धरून ठेवा. आघाडीच्या गाडीने घड्याळ संपण्याच्या क्षणभर आधी रेषा ओलांडली की सगळ्यांना आणखी एक फेरी मारावी लागते.

८६ लॅपचं इंधन २६६.६ लिटर. सुरुवातीच्या फॉर्मेशन लॅपचं (शर्यत सुटण्याआधीच्या संथ फेरीचं) ३.१ आणि राखीव एका लॅपचं ३.१ मिळवलं की एकूण २७२.८ लिटर. टाकी भरून निघालात तर दोन स्टॉपमध्ये मिळून १६२.८ लिटर भरायचं आहे.

आता खरा प्रश्न: थांबायचं कधी? बहुतेक जण टाकी रिकामी होईपर्यंत पळतात. तसं केलं तर स्टिंट ३४, ३५ आणि १७ लॅपचे होतात. वेळात सांगायचं तर साधारण ७१ मिनिटं, ७३ मिनिटं आणि ३५ मिनिटं. दुसरा मार्ग म्हणजे २९, २९ आणि २८ लॅप, प्रत्येक स्टिंट तासाभराचा. दोन्हींत भरायचं एकूण इंधन तेवढंच असल्याने नळीला जोडून उभं राहण्याचा एकूण वेळही तेवढाच. समान वाटणीत थोडं जादा वजन वाहावं लागतं हे खरं. पण टायर समान झिजतात आणि ७३ मिनिटांचा सलग स्टिंट टळतो. तुमचा पाचवा आकडा ६० ते ६५ मिनिटांचा असेल तर हा निर्णय झाल्यातच जमा आहे. एकट्याने चालवणाऱ्याला मी समान वाटणीच सुचवेन. पावसाची शक्यता असेल तर मात्र शेवटचा स्टॉप जमेल तेवढा पुढे ढकलण्यात अर्थ आहे, कारण टायरचा निर्णय तेव्हा अधिक माहितीवर घेता येतो.

इंधन वाचवून एक स्टॉप कमी करता येईल का, हेही याच कागदावर पाहा. वरच्या शर्यतीत एकाच स्टॉपवर भागवायचं तर एका टाकीत ४३ लॅप काढावे लागतील, म्हणजे लॅपला २.५६ लिटर. ही सतरा टक्क्यांहून जास्त बचत झाली. तेवढी करताना वेग इतका उतरेल की स्टॉप वाचवून काही उरणार नाही. पण शर्यत ७२ लॅपची असती आणि टाकीत ३५ लॅप निघत असते, तर दोन टाक्यांत ७० लॅप होतात आणि फक्त दोन कमी पडतात. तिथे फॉर्मेशन लॅप आणि राखीव वगळता लॅपला ३.१ ऐवजी ३.०५ लिटर पुरेसं आहे. एवढी बचत सहज जमते: ब्रेकच्या जागेच्या थोडं आधी पाय उचलायचा आणि गाडी वाहू द्यायची, गिअर जरा लवकर वर टाकायचा, पुढच्या गाडीच्या आडोशात राहायचं. सगळ्यांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय उचलला की वाचणारं इंधन जास्त आणि जाणारा वेळ कमी. ग्रॅन तुरिस्मो ७ मध्ये यासाठी फ्युएल मॅपच्या १ ते ६ पायऱ्या आहेत, १ ला पूर्ण ताकद आणि ६ ला सर्वाधिक बचत. तिथे मॅप बदलण्याआधी पाय उचलण्याची पद्धत वापरून पाहा. वेळ बऱ्याचदा कमी जातो.

टायर बदलायचे का?

थांबलोच आहोत तर टायरही बदलू, हा विचार महाग पडू शकतो. समजा टायर बदलल्याने स्टॉप १२ सेकंदांनी वाढतो आणि जुन्या टायरवर पुढच्या स्टिंटमध्ये लॅपमागे सरासरी ०.६ सेकंद जातात. ३० लॅप बाकी असतील तर नुकसान १८ सेकंदांचं, म्हणून बदला. १५ लॅप बाकी असतील तर नुकसान ९ सेकंदांचं, म्हणून तसेच पुढे जा. मात्र झिजलेले टायर चालकालाही थकवतात. मागची बाजू सतत सुटणारी गाडी सावरण्यात डोकं आणि हात दोन्ही दमतात. शेवटच्या स्टिंटला हिशेब अगदी काठावर असेल तर मी नवे टायर घेण्याच्या बाजूने आहे.

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये टायरच्या दाबाकडे विशेष लक्ष द्या. जीटी३ गाडीच्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीच्या) कोरड्या रस्त्यासाठीच्या टायरचा दाब गरम झाल्यावर साधारण २६ ते २७ पीएसआय असावा. पिटमध्ये आपण ठरवतो तो थंड दाब. संध्याकाळी हवा गार होत गेली की त्याच थंड दाबावर टायर गरम होऊनही अपेक्षित आकड्याला पोचत नाही. हवेच्या तापमानात एका अंशाची घट झाली तर सुमारे ०.१ पीएसआय वाढवा. रात्रीच्या स्टिंटचे दाब आधीच वेगळ्या पिट योजनेत भरून ठेवा.

पिट लेन: प्रत्येक वेळी हाच क्रम

पिटमध्ये शिरणं हा सरावाचा विषय आहे आणि त्याचा सराव फार कमी लोक करतात. पिट लेनमध्ये घाईने मिळवलेली दोन दशांश सेकंदं एका दंडात कितीतरी पटीने परत जातात. हा क्रम हातात बसेपर्यंत करा:

१. दोन लॅप आधी पिटचा मेनू उघडून इंधन, टायर आणि दुरुस्ती तपासा. हे काम सरळ पट्ट्यावरच करा आणि एका पट्ट्यावर एकच गोष्ट बदला.

२. आत येण्याच्या लॅपला ब्रेकची जागा ओळखा. वेगमर्यादा पिट लेनच्या तोंडाशी नाही, तर आखलेल्या रेषेपासून सुरू होते. त्या रेषेआधी वेग उतरलेला हवा. पिटचे ब्रेक नेहमीच्या वळणासारखे मारू नका. गाडी सरळ ठेवा, पाच-दहा मीटर आधी दाबा.

३. लिमिटर (वेग मर्यादेत धरून ठेवणारं बटण) लावा. पिट लेनची वेगमर्यादा शर्यतीनुसार बदलते. एफ१ मध्ये ती बहुतेक ट्रॅकवर ताशी ८० किलोमीटर असते आणि मोनॅकोसारख्या अरुंद ठिकाणी ६०. जीटी शर्यतींत ५० किंवा ६० सामान्य आहे.

४. आपला बॉक्स शोधण्यासाठी खूण ठरवून ठेवा: त्याच्या अलीकडच्या बॉक्सचा रंग, भिंतीवरची पाटी, काहीही. बॉक्स ओलांडून पुढे गेलात की मागे येण्यात पाच-सात सेकंद सहज जातात.

५. गाडी पूर्ण थांबवा आणि ब्रेक धरून ठेवा.

६. सुटताना लिमिटर चालू ठेवूनच निघा आणि तो बाहेरच्या रेषेवर बंद करा. त्यापुढची पांढरी रेघ ट्रॅकवर येईपर्यंत ओलांडू नका. नव्या टायरची पहिली दोन वळणं जपून घ्या. गाडी अनेकदा इथेच गरकन फिरते.

मेनूमध्ये दुरुस्तीची खूण आपोआप लागलेली असते, तिकडेही बघा. रंग खरवडला आणि बंपर थोडा वाकला, पण वेग गेला नाही, तर ती दुरुस्ती सोडून द्या. सस्पेन्शन वाकलं असेल आणि सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागत असेल, तर करून घ्या. तिरकी गाडी तासभर धरून ठेवणं म्हणजे थकव्याला आमंत्रण आहे.

थकवा: कोणत्याही पडद्यावर न दिसणारी टाकी

२०१० च्या ग्रॅन तुरिस्मो ५ मधल्या बी-स्पेक प्रकारात गेमच्या चालकांची शारीरिक आणि मानसिक ताकद पट्ट्यांवर दिसायची आणि लांब शर्यतीत दमलेल्या चालकाला बदलावं लागायचं. आपण स्वतः चालवतो तेव्हा अशी पट्टी समोर नसते. खऱ्या शर्यतीत तिच्या जागी नियम असतो: फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एका चालकाला कोणत्याही ६ तासांत ४ तासांहून जास्त आणि एकूण १४ तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही. जीटी वर्ल्ड चॅलेंजच्या लांब शर्यतींत एका स्टिंटची मर्यादा ६५ मिनिटांची आहे, आणि असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेतही स्टिंटचं घड्याळ लावता येतं. ज्या गेममध्ये असं बंधन नाही तिथे ते स्वतः घालून घ्या.

थकव्याची लक्षणं ठरावीक क्रमाने येतात आणि ती ओळखायला शिकणं शक्य आहे. आधी डोळे: पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि नजर जवळच्या रस्त्यावर खिळते. पुढच्या वळणाकडे बघणं बंद होतं, त्यामुळे स्टिअरिंग उशिरा आणि झटक्याने फिरतं. मग हात: चाक गरजेपेक्षा घट्ट धरलं जातं. त्यानंतर निर्णय बिघडतात. मागून येणाऱ्या गाडीचा राग येणं, किती लॅप झाले ते न आठवणं, दोनदा त्याच वळणावर बाहेर जाऊनही ब्रेकची जागा न बदलणं. या शेवटच्या टप्प्यात चालकाला वाटत असतं की आपण ठीक आहोत. म्हणून निर्णय लक्षणांवर सोपवा, मनावर नाही. मी सुचवतो तो नियम असा: पाच लॅपमध्ये दोन चुका झाल्या की तीन लॅप मुद्दाम एक सेकंद हळू चालवायचे. त्यानंतरही चूक झाली तर इंधन शिल्लक असलं तरी पुढच्या संधीला आत यायचं.

एकट्याने चालवत असाल तर पिट स्टॉप हीच तुमची विश्रांती. गाडी बॉक्समध्ये थांबली की अर्धं मिनिट मिळतं आणि बहुतेक जण ते घड्याळाकडे बघण्यात घालवतात. त्याऐवजी ब्रेक धरून ठेवायचा, दोन्ही हात चाकावरून काढायचे, बोटं पसरायची, खांदे खाली सोडायचे, खोलीतल्या सगळ्यांत दूरच्या वस्तूकडे बघून सावकाश पापण्या मिटायच्या-उघडायच्या आणि दोन घोट पाणी प्यायचं. मेनूची कामं दोन लॅप आधीच उरकलेली असली तरच हे जमतं. शर्यत चालू असतानाही लांब सरळ पट्ट्यावर पकड सैल करून एक खोल श्वास घेता येतो. प्रत्येक लॅपला त्याच पट्ट्यावर करा, म्हणजे सवय होते.

बसण्याची जागा

पडद्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीला असावा. तो खाली असेल तर तासाभरात मान भरून येते. चाक धरताना कोपर वाकलेलं आणि खांदे पाठीला टेकलेले हवेत. फोर्स फीडबॅक (चाकातून हातांना जाणवणारा जोर) छोट्या शर्यतीपेक्षा १०-२० टक्के कमी ठेवा. टायरची पकड कळते आणि हात कमी दमतात. जड ब्रेक पेडल असेल तर पूर्ण ब्रेकसाठी लागणारा जोरही थोडा कमी करा. डोळ्यांवर हेडसेट लावून चालवणाऱ्यांनी स्टिंट आणखी आखूड ठेवावा, कारण वजन, उष्णता आणि डोळ्यांवरचा ताण लवकर साचतो. अंगावर वारा येईल असा पंखा लावा. पाणी नळीच्या बाटलीत, हाताच्या अंतरावर. जेवण शर्यतीच्या दोन तास आधी आणि हलकं.

संघात चालवताना

जून २०२० मध्ये झालेल्या ले मान्सच्या आभासी २४ तासांच्या शर्यतीत ५० गाड्या आणि प्रत्येक गाडीला चार चालक होते. असे संघ खोलीत एकत्र नसतात, म्हणून हस्तांतरणाचं बोलणं ठरलेलं हवं. गाडी सोडणाऱ्याने शेवटच्या दोन लॅपमध्ये एवढंच सांगावं: टायरची अवस्था, पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा तोल किती ठेवलाय, गाडीला काही इजा आहे का, कोणत्या वळणावर पकड बदललीय आणि मागे-पुढे कोण आहे. शर्यतीची कहाणी नंतर. गाडी घेणारा किमान दहा मिनिटं आधी खुर्चीत, चाक आणि पेडल तपासून तयार असावा.

संपर्क तुटण्याचीही तयारी ठेवा. जानेवारी २०२३ च्या आभासी ले मान्समध्ये आघाडीवर असताना एफ१ चालक मॅक्स व्हर्स्टॅपेनचा सर्व्हरशी संपर्क तुटला होता. चालकाचं इंटरनेट गेलं तर कोण, किती वेळात गाडीत बसेल, हे नाव योजनेच्या कागदावर लिहिलेलं असावं.

तीन चालकांच्या २४ तासांच्या शर्यतीत एकेकाने दोन स्टिंट सलग चालवावेत. म्हणजे साधारण दोन तास चाकावर आणि चार तास मोकळे. त्या चार तासांत किमान दीड तासाची झोप बसते. झोप एकतर २०-३० मिनिटांची घ्या किंवा दीड तासाची. गाढ झोपेतून मध्येच उठलं की अर्धा तास डोकं जड राहतं. उठवण्याची जबाबदारी दुसऱ्या माणसावर द्या आणि चाकावर बसण्याच्या पाऊण तास आधी उठा. कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो आणि त्यातलं अर्धं कॅफिन पाचेक तासांनीही शरीरात असतं, त्यामुळे ती स्टिंटच्या आधी घ्या, झोपेच्या आधी नाही.

पहाटे २ ते ६ हा सगळ्यांत कठीण काळ. या वेळेत ज्याला मुळात जागण्याची सवय आहे त्याला गाडी द्या, संघात तो सगळ्यांत वेगवान नसला तरी. त्या तासांत प्रत्येकी एकच स्टिंट, लॅपची अपेक्षित वेळ एक सेकंदाने वाढवलेली, आणि रेडिओवर सतत बोलणारा एक जागा सहकारी एवढं पुरतं.

योजना मोडली तर

सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी; तेव्हा थांबण्यात कमी वेळ जातो), पाऊस, धडक, काहीतरी होणारच. त्यासाठी कागदावर प्रत्येक स्टिंटसमोर दोन लॅप लिहून ठेवा: सगळ्यांत लवकर कोणत्या लॅपला आत येता येईल आणि सगळ्यांत उशिरा कोणत्या. वरच्या उदाहरणात शेवटच्या स्टॉपनंतर टाकीभर इंधनात ३५ लॅप निघतात, म्हणजे ५१ व्या लॅपपासून पुढे कधीही आत आलात तरी शेवट गाठता येतो. सेफ्टी कार ५३ व्या लॅपला आली तर विचार करत बसायची गरज नाही, आत या. ४७ व्या लॅपला आली तर आत येऊन शेवट गाठणार नाही. बचतीची तयारी नसेल तर बाहेरच राहा.

समोरच्या गाडीच्या आधी थांबून नव्या टायरवर तिला गाठण्याचा डाव, म्हणजे अंडरकट, लवकरच्या आणि उशिराच्या याच दोन लॅपच्या दरम्यान खेळायचा. टायर लवकर गरम होत असतील आणि पिटमधून मोकळ्या ट्रॅकवर उतरता येत असेल तरच तो साधतो. थंड टायर आणि संथ गाड्यांच्या घोळक्यात उतरलात तर उलट नुकसान.

शर्यत संपली की लगेच, झोपायच्या आधी, तीन गोष्टी टिपा: शेवटी टाकीत किती इंधन उरलं, प्रत्येक स्टॉपला खरा वेळ किती गेला आणि कितव्या मिनिटाला लॅप विस्कळीत झाले. रात्रभर जागून चालवलं असेल तर त्या दिवशी खरी गाडी चालवू नका, आधी झोपा. दुसऱ्या दिवशी रिप्ले बघताना फक्त शेवटचा स्टिंट आणि पिटमधल्या सगळ्या एंट्र्या बघा आणि पाचवा आकडा नव्याने लिहा.